गाळाचा दर

नुआकशॉतच्या बंदर खात्यात, तिसऱ्या मजल्यावर,
खुर्च्या चार आणि माणसं पाच.
मी उभी राहते.
दुभाषीची जागा तशीही दोघांच्या मधे,
जिथे खुर्ची मावत नाही.

डावीकडे राडोस्लाव, वार्नाचा,
गाळ उपसणाऱ्या जहाजाचा मालक. शेजारी पेन्यो, त्याचा हिशोबनीस.
उजवीकडे संचालक देद्दा वल्द शेखना,
निळ्या झग्याची घसरणारी बाही पुन्हा पुन्हा खांद्यावर टाकत,
आणि एक कारकून, ज्याला फाईल कुठे आहे हे माहीत असतं
आणि तो ते सांगत नाही.

राडोस्लाव म्हणतो: साडेसात मीटर खोली ठरली होती.
मार्चमध्ये तेवढी करून दिली. तुमच्याच माणसाची सही आहे.
मी हस्सानियात सांगते.
देद्दा चहा उंचावरून ओततो, फेस निरखतो.
मग म्हणतो: आम्ही मोजलं ऑक्टोबरात.
पाच मीटर वीस भरलं.

वाळू परत आली, राडोस्लाव म्हणतो. समुद्र आहे तो,
वाळू त्याच्या बापाची आहे.

आली असेल.
पण सरकार जे आहे त्याचे पैसे देतं.
जे होतं त्याचे कसे देणार?

खिडकीतून रंगीत होड्या दिसतात,
ओहोटीला तिरक्या होऊन बसलेल्या.
त्या कोणाच्या बाजूने बोलतायत कळत नाही.

डिसेंबर. जानेवारी. पुन्हा तोच जिना.
करार युरोत, पैसे उगियात,
आणि भाव कोणत्या दिवसाचा, यावर चार बैठका.
एका उगियाचे पाच खूम्स होतात, हे मी पेन्योला सांगते,
तो वहीत पाच लिहितो, मग खोडतो,
दहाने भाग जाणार नाही असा देश त्याने पाहिला नव्हता.

एकदा राडोस्लावने देद्दाच्या आईचा उद्धार केला.
मी म्हटलं: साहेब आपल्याला पुनर्विचाराची विनंती करतात.
देद्दा हसला. त्याला बल्गेरियन येत नाही,
पण आवाज सगळ्यांनाच येतो.

खाली धक्क्याला जहाज उभं.
स्वयंपाकी सात महिने घरी एकच वाक्य बोलतोय, पुढच्या आठवड्यात.
ते मला कोणी सांगायला सांगितलं नव्हतं,
तरी मी एका बैठकीत मधेच सांगून टाकलं.
खोली शांत झाली.
कारकुनाने फाईल काढली. ती त्याच्याच खुर्चीखाली होती.

शंभरातले बासष्ट. जुन्या भावाने.
राडोस्लावने सही करताना पेन इतकं दाबलं
की खालच्या कागदावरही त्याचं नाव उमटलं.
पदरी पडलं ते पवित्र, असं काहीतरी त्यांच्याकडेही म्हणत असावेत;
तो तसं काही म्हणाला नाही.

संध्याकाळी हॉटेलात माझा हिशोब.
मी वहीत लिहिलं होतं: एकशे दहा तास.
पेन्योने चष्मा पुसला.
प्रत्यक्ष बोललीस किती, त्याने विचारलं. सगळं धरून तीसेक?
बाकी वेळ तर तू नुसती उभी होतीस.
मी राडोस्लावकडे पाहिलं.
तो पेल्याच्या तळाशी बुडालेली साखर चमच्याने ढवळत होता.

बोललेलंच दिसतं, तो म्हणाला. दिसतं त्याचेच पैसे.

पाच वर्षं मी त्याच्याच गावात मासे शिकले,
त्याच्या भाषेत परीक्षा दिल्या, त्याच्या भाषेत एकदा प्रेमातही पडले.
मला वाटलं होतं, हे वाक्य त्याने निदान
उच्चारताना तरी ओळखावं.

मी तीस तासांचे पैसे मोजून घेतले.
दारात वळून एक वाक्य बोलले, हस्सानियात, सावकाश,
देद्दाच्या आवाजात.

काय म्हणालीस? राडोस्लावने विचारलं.

आता माझा तास संपला होता.